गोड्या विहिरीतलं कासव

१

पंचनाम्यातल्या एका ओळीनं गोपालला आत घातलं. ‘सदर विहिरीत एक जिवंत कासव पोहत असल्याचे पंचांना दिसून आले.’ बस, एवढंच.

अमरावतीच्या कोर्टात मी पंचवीस वर्षं वकिली करतोय. बनावट सह्या पाहिल्या, फितूर साक्षीदार पाहिले. पण कासवाच्या साक्षीवर माणूस तुरुंगात गेलेला पहिल्यांदाच पाहत होतो. आणि खरं सांगायचं तर मलासुद्धा ती साक्ष पटली होती.

प्रकरण भातकुलीकडच्या धामोरखेडचं. सप्टेंबरातला सोमवार. पुंजाराम पाटलांच्या कपाशीत बाया निंदणाला लागलेल्या. दुपारी त्या विहिरीपाशी जेवायला आल्या. तिथल्या ड्रममधलं पाणी माणिकबाई तांब्याभर प्याली आणि तासाभरात तोंडाला फेस येऊन आडवी झाली. अमरावतीला पोचेपर्यंत ती गेली. पार्बताबाई दोनच घोट प्याली होती, म्हणून आठ दिवस दवाखान्यात काढून वाचली. बाकीच्या अजून भाकरी सोडत होत्या. डॉक्टर म्हणाले, फवारणीचं औषध पोटात गेलंय.

औषध दोनच ठिकाणी मिसळू शकत होतं, विहिरीत किंवा ड्रममध्ये. तो सगळा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरला पाणी लागतं ते मिठासारखं. अख्ख्या धामोरखेडात गोड पाण्याची विहीर एकच, पुंजारामजींची, आणि गाव तीच पितं. तीस वर्षांपूर्वी पाणी लागलं त्या दिवशी तिथल्या रीतीप्रमाणे पुंजारामजींनी तीत कासव सोडलं होतं. कासव जिवंत तर पाणी चांगलं, हे तिथं पोराटोरांपासून सरपंचापर्यंत सगळे धरून चालतात. बुधवारी पंचनाम्याला आलेल्या फौजदारानंही तेच धरलं. विहिरीचा नमुना स्वच्छ निघाला, कासव मजेत पोहत होतं. मग उरला ड्रम.

आणि ड्रमपाशी पुंजारामजींकडे वर्षाच्या बोलीनं राहणाऱ्या सालदार जानरावनं कोणाला पाहिलं होतं? रोजानं फवारणी करणाऱ्या गोपालला. पाठीवर फवारणीचा पंप, हातात औषध मोजायचं माप. त्यात तो ते पाणी थेंबभरही प्याला नव्हता. माणिकबाईशी त्याचं आदल्या आठवड्यात वाजलं होतं, हे गावानं आपणहून पोलिसांना सांगितलं.

पुढच्या सोमवारी त्याची बायको आरती माझ्याकडे आली. शुक्रवारी जामिनाची सुनावणी होती. ती रडली नाही. विहिरीवर तिला पाण्याचा गुंड, म्हणजे कळशी, भरू देत नाहीत, खारं पाणी पिऊन पोरीचं पोट बिघडलंय, आणि घराला लोक ‘इखारी घर’ म्हणून राहिले, एवढं तिनं सांगितलं. मी चार धीराचे शब्द बोललो आणि मनातल्या मनात केस हरलो.

तिच्याबरोबर तिचा मामा होता. सडपातळ, सत्तरीचा, खिशाला दोन पेनं. मी त्याला पाहिलं आणि माझी बारावी आठवली. देवमन. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला अटेंडंट. चाळीस वर्षं बेडूक, साप, कासवं धरून आणणं, बाटल्यांत भरणं आणि आमच्यासारख्यांच्या प्रॅक्टिकलला हसणं हेच त्याचं काम.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “तुमी पंचनामा वाचला. कासव पाह्यलं काय?”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धामोरखेडला गेलो. पुंजारामजींनी आम्हाला टाळलं नाही. उंच, वाकलेला माणूस, डोळ्यांना जाड चष्मा, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. गोपालबद्दल विचारलं तर म्हणाले, पोरगा कामाचा होता, वाईट वाटतं. पण कासव खोटं बोलत नाही. ते त्यांनी पोलिसांनाही सांगितलं होतं आणि कोर्टातही सांगणार होते. त्यांच्या सरळ बोलण्याची मला भीती वाटली. असा साक्षीदार उलटतपासणीत मोडत नाही.

विहीर पक्क्या बांधणीची, पावसाळ्यामुळे पाणी पुरुषभर खाली. काठावर मोटर. मोटरीतून निघालेल्या पाइपाला आधी एक नळ, ड्रम भरायचा. त्याच्या पुढे एक बारीक नळी, शेजारच्या निळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत सोडलेली. टाकीत औषध कालवायचं, मोटर चालली की ते आपोआप पाण्याबरोबर ठिबकच्या नळ्यांतून कपाशीच्या मुळाशी जातं. वाळवीसाठी पुतण्यानं बसवून दिलंय, असं पुंजारामजी कौतुकानं म्हणाले. पुतण्या कुलदीप, त्याचं अकोल्याला कृषी केंद्र आहे. नळ टाकीच्या आधी, म्हणजे औषध त्यात येण्याचा प्रश्न नाही, हे पोलिसांनीही पाहून लिहिलं होतं.

देवमननं मोटरीजवळचा पाइप बोटानं पुसला. पाइप चिखलानं काळा पडलेला होता. त्यावर मोटर आणि नळ यांच्या मधोमध एक पितळी झडप चकचकत होती, आणि तिच्या आट्यांतून पांढऱ्या टेपचं ताजं टोक बाहेर आलं होतं. त्यानं ते टोक दोन बोटांत धरलं, सोडलं, आणि बोटं रुमालाला पुसली. मला त्याचा रागच आला. माणसाला काही कळलं असेल तर त्यानं वकिलाला सांगावं.

मग तो काठावर उकिडवा बसला. पाण्यात काहीच दिसत नव्हतं. त्यानं खिशातली किल्ली काढली आणि स्टीलच्या बादलीवर हलकेच वाजवली. टिक, टिक, टिक.

पाण्यात गोल सावली हलली. आधी नळीसारखं टोकदार नाक वर आलं, मग चपटं डोकं, मग ताटाएवढी पाठ. कासव वर येऊन थांबलं आणि मान उंच करून आमच्याकडे पाहू लागलं. पाठीवर, डोक्यावर पिवळे ठिपके होते, हळदीची बोटं टेकवावीत तसे. मला ते फार देखणं वाटलं.

“पाहा,” पुंजारामजी म्हणाले, “हाये का नाई जित्तं?”

“हाये,” देवमन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

देवमन माझ्याआधी गाडीत जाऊन बसला. मी किल्ली फिरवली तेव्हा म्हणाला, “साहेब, थे कासव या इहिरीचं नाई. या मुलखाचंच नाई.”

३

त्यानं मला समजावून सांगितलं ते मी जमेल तसं सांगतो. विहिरीत सोडतात ते कासव साधारण एकाच जातीचं. पाठ कातड्यासारखी, कडा मऊ, पोटाच्या बाजूला मागच्या पायांसाठी दोन झाकणं. पाय आत ओढले की झाकणं मिटतात. ही जात देशभर आहे, पण सगळीकडे सारखी दिसत नाही. गंगा-यमुनेच्या मैदानात, पार सिंधूपर्यंत, तिच्या पाठीवर आणि डोक्यावर पिवळे ठिपके असतात. दक्षिणेकडे आलं की पाठ साधी होते, ओल्या मातीच्या रंगाची. मधल्या पट्ट्यात थोडी मिसळ सापडते म्हणतात. पण पूर्णा, पेढी, वर्धा या नद्यांतली शेकडो कासवं देवमनच्या हातून गेली होती आणि ठिपक्याचं त्याला एकही मिळालं नव्हतं.

मी वकिली केली. म्हटलं, तीस वर्षांपूर्वी पुंजारामजींनीच कुठून तरी ठिपक्याचं आणलं असेल तर?

“म्हनून तर आता फोटू शोधाचा हाये,” देवमन म्हणाला, आणि त्यानं गाडी परत पाटलांच्या घराकडे वळवायला लावली.

घरी पुंजारामजींची सून रागिणी भेटली. चटपटीत बाई, हातात फायली. गोड्या विहिरीचं पाणी जारमध्ये भरून भातकुलीला विकायचा कारखाना ती काढत होती, परवाना यायचाच होता. मला वाटलं, सापडलं. विहीर विषारी ठरली असती तर पहिलं नुकसान हिचं. तिनं आमच्याशी बोलताना तीनदा घड्याळ पाहिलं. पंचनाम्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, ती विहिरीवर गेली होती का, असं मी विचारलं तर ती सरळ म्हणाली, गेले होते. चप्पल राहिली होती माणिकबाईची, ती आणायला. तिच्या घरी दिली.

देवमननं तिला फक्त विहिरीचे जुने फोटो मागितले. तिनं मोबाईलमध्ये शोधून एक लगेच दाखवला. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला तेव्हाचा फोटो. घमेल्यात कासव बसलेलं, बाजूला तिची मुलगी दात काढून हसतेय. कासवाची पाठ साधी होती. एक ठिपका नव्हता. फोटो तिनं माझ्या फोनवर पाठवूनही दिला आणि वर विचारलं, “काहून? काही झालं काय?”

पार्बताबाई नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती, खाटेवर उठून बसायला लागली होती. ती गोपालवर चिडलेली होती, पण तिच्या रागातही कामाचं काही सापडलं. त्या दिवशी अकराला लाईट गेली ती दीड वाजता आली. लाईट आल्याबरोबर जानरावनं नळावर रिकामा ड्रम भरला. त्याच पाण्यानं घात केला.

“अन माही शिदोरी मातीत गेली,” ती म्हणाली. “त्या औषधाच्या निय्या टाकीवर ठेवली होती. वारं आलं अन टाकीच कलंडली.”

“लाईट येण्याच्या आंधी कलंडली का मांगून?” देवमननं विचारलं.

ती म्हणाली, आंधी. लाईट नव्हतीच तेव्हा.

जानराव गोठ्यात सापडला. पन्नाशीचा, रुंद हातांचा माणूस. पेढी नदीत मासे धरायचा त्याला नाद, दारातच जाळं वाळत होतं. गोपाल ड्रमपाशी दिसला हे खरं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्या सोमवारी सकाळी टाकी त्यानंच काठोकाठ भरली होती. मंगळवारी, बुधवारी मोटर चालूच होती, पावसानं दडी मारली म्हणून तुरीला पाणी दिलं. मोटर कोणी लावली विचारलं तेव्हा त्यानं जनावराला वैरण घालायला पाठ वळवली.

आणि पाठमोराच म्हणाला, “मले काई इचारू नका. माह्या हातानं थो ड्रम भरला हाये.”

४

बुधवारी आम्ही अकोल्याला गेलो. वाटेत मी रागिणीचं नाव घेतलं, मग जानरावचं. देवमन खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी मी गाडी थांबवली आणि म्हटलं, तुम्ही सांगत नसाल तर इथूनच परत फिरतो. तो हसला. प्रॅक्टिकलला पण तुमी असेच चिडत, म्हणाला.

कुलदीपचं दुकान बाजारात मोक्याच्या जागी. थंडगार, काचेचं, भिंतीवर बियाणांच्या कंपन्यांची पोस्टर्स. कुलदीप पस्तिशीचा, गोड बोलणारा. त्यानं चहा मागवला, माणिकबाईबद्दल हळहळला, गोपालच्या मुलीसाठी काही मदत लागली तर सांगा म्हणाला. मोठेबाबांचं, म्हणजे पुंजारामजींचं, शेत तो आपलंच मानत होता. माणिकबाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, धामोरखेडला जाऊन आल्याचंही त्यानं लपवलं नाही. अशा वेळी घरच्यांनी नाही जायचं तर कोणी?

मला तो आवडला. म्हणजे मी किती चांगला परीक्षक आहे ते बघा.

देवमन मात्र गल्ल्यामागच्या काचेच्या पेटीपाशी उभा होता. मोठी पेटी, चार सोनेरी मासे. चारही माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या होत्या. पेटीच्या एका कोपऱ्यात वाळू खोलवर उकरलेली होती, परातीएवढा खड्डा पडला होता. पेटीवर ताटली, ताटलीत खाद्याचे दाणे आणि एक स्टीलचा चमचा.

“कासव ठेवत नाई काय?” देवमननं विचारलं. “दुकानात शुभ मानतात लोकं.”

कुलदीप म्हणाला, छे, कासव पाळणं गुन्हा आहे, मी कशाला ठेवू. बोलता बोलता त्यानं चमचा उचलून खणात टाकला.

बाहेर आल्यावर देवमननं मला विचारलं, “वनखात्यात तुमच्या वळखीचं कोनी हाये काय? अन थे फौजदार उद्या येतीन काय, बोलावलं तं?”

५

गुरुवारी सकाळी विहिरीवर आम्ही नऊ जण होतो. वनखात्याचे दोघे, तपासाचे फौजदार, पुंजारामजी, रागिणी, जानराव, आणि मोठेबाबांनी बोलावलं म्हणून अकोल्याहून आलेला कुलदीप. आरती लांब बांधावर उभी होती. तिला काठाशी यायची अजून मनाई होती, ती तिनं पाळली.

वनरक्षकानं दोराला टोपली बांधून सोडली. देवमननं बादलीवर किल्ली वाजवली आणि कासव आपणहून टोपलीत आलं. त्यानं ते पुंजारामजींच्या पुढ्यात घमेल्यात ठेवलं आणि शेजारी फोनवरचा फोटो मोठा करून धरला. पुंजारामजींनी चष्मा वर केला, बऱ्या डोळ्याजवळ आधी फोन नेला, मग वाकून कासवाकडे पाहिलं. एक ठिपका त्यांनी नखानं खरवडून पाहिला. तो निघाला नाही.

“हे माहं नाई,” ते म्हणाले.

काठावरून, पाण्यातून, अधू डोळ्यांनी त्यांना नुसती सावली दिसत होती. त्या सावलीवर त्यांनी पोलिसांना जबाब दिला होता.

मग देवमन बोलला. फौजदार मधेमधे प्रश्न विचारत होते, पण त्यानं धागा सोडला नाही. आधी त्यानं विचारलं, भरलेली टाकी वाऱ्यानं कलंडते काय? नाही कलंडत. सकाळी काठोकाठ भरलेली टाकी दुपारी वाऱ्यानं पडली म्हणजे ती रिकामी झाली होती. आणि रिकामी झाली ती लाईट नसताना, मोटर बंद असताना. मग औषध गेलं कुठे? मोटर बंद पडली की पाइपात चढलेलं पाणी उलटं विहिरीत उतरतं आणि जाताना त्या बारीक नळीतून टाकीतलं औषध ओढून नेतं. तसं होऊ नये म्हणून पाइपाला झडप लावतात. त्या सोमवारी ती नव्हती. पाण्याचा जोर कमी होतो म्हणून बसवणाऱ्यानं ती लावलीच नव्हती. आज आहे ती नवी कोरी आहे, टेपसुद्धा मळलेला नाही.

औषध उतरलं ते थेट मोटरीच्या विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी. लाईट आली आणि मोटरीनं पहिलं पाणी उचललं ते तेच. ते जानरावच्या ड्रममध्ये पडलं. गोपालचा त्यात काही संबंध नव्हता. माणिकबाई गेल्यावर पंचनाम्यापर्यंत गावातलं कोणी इथं पाणी भरायला आलं नाही. पुढे दोन दिवस मोटर चालवून ते पाणी तुरीवर काढून दिलं, म्हणून बुधवारचा नमुना स्वच्छ निघाला.

“पन कासव तळाशी असते,” देवमन म्हणाला. “थे मेलं. अन मेलेलं कासव इहिरीवर दिसलं असतं तं साऱ्या गावाले समजलं असतं का पानी खराब हाये. म्हनून दुसरं सोडलं.”

फौजदारांनी विचारलं, कोणी?

मी रागिणीकडे पाहिलं, आणि तिनं माझ्याकडे. माझा संशय तिला कळला होता. देवमन म्हणाला, सूनबाईंनी कासव बदललं असतं तर मागितल्याबरोबर जुन्याचा फोटो काढून दिला नसता. जानराव तर पेढीत मासे धरतो. त्याला कासव हवं असतं तर त्यानं पेढीतलं आणलं असतं, साध्या पाठीचं, आणि जन्मात कोणाला फरक कळला नसता. हे आणणाऱ्याला नदी माहीत नाही. त्याच्या लेखी कासव म्हणजे कासव. हे चमच्याच्या आवाजाला वर येतं. विहिरीतलं कासव आवाज झाला की बुडी मारतं. हे काचेच्या पेटीत, हातानं चारलेलं आहे. आणि एका पेटीतल्या माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या आहेत, वाळूत त्याच्या बसायचा खड्डा आहे, पण कुरतडणारा तिथं नाही.

कुलदीप हसला. म्हणाला, माशांच्या शेपट्यांवर तुम्ही माणसाला गुन्हेगार ठरवणार? शेपट्या तर मासेही कुरतडतात एकमेकांच्या. आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. कोर्टात हे टिकलं नसतं. मी असतो तर दहा मिनिटांत उडवून लावलं असतं. फौजदारांनीही वही मिटली.

तेव्हा पुंजारामजी उठले. ते पुतण्याकडे गेले नाहीत. जानरावपुढे जाऊन उभे राहिले.

“जानराव, वीस वर्स झाले तू माह्याकडे हायेस. माहं कासव कुठी हाये?”

जानरावनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. मग त्यानं हात उचलून तुरीच्या बांधावरचा निंब दाखवला.

“त्या मंगळवारी उलटं तरंगत होतं,” तो म्हणाला. “कुलदीपभाऊनं पुराले लावलं. म्हने, ड्रम तुह्या हातानं भरला, तोंड उघडशीन तं तूच आत जाशीन.”

निंबाखाली हातभर खणलं तर कासव निघालं. मातीच्या रंगाचं, साध्या पाठीचं. वनरक्षकानं ते तपासणीसाठी पिशवीत भरलं. मी मागे वळून पाहिलं तर कुलदीप आपल्या गाडीच्या दारापाशी होता आणि फौजदार त्या दाराला टेकून उभे होते.

पुंजारामजी मात्र आमच्यात नव्हते. ते बांधावरून आरतीकडे चालत निघाले होते.

६

शुक्रवारी गोपालला जामीन मिळाला आणि कासवाच्या पोटात तेच औषध सापडल्यावर पुढे त्याच्यावरचा गुन्हाही काढून टाकला. कुलदीपचा खटला उभा राहिला. मी त्याचं वकीलपत्र घेतलं नाही, विचारणा झाली होती तरी. ठिपक्यांचं कासव वनखात्यानं नेलं. उत्तरेकडे त्याच्या मुलखात पाठवायचा कागद तयार होतोय, असं मला तिसऱ्यांदा सांगितलंय.

गोष्ट इथं संपली असं मला वाटलं होतं. पण देवमनचा फोन आला. धामोरखेडला विहीर तीन वेळा उपसली, तीन वेळा नमुने तपासले, पाणी निर्मळ. तरी कोणी भरत नाही. विहिरीत कासव नाही, मग पाणी चांगलं कशावरून? बाया कोसभर दुसऱ्या गावाला जातायत किंवा खारं पितायत. दुसरं कासव सोडा म्हणून लोक पुंजारामजींच्या मागे लागले होते आणि ते ऐकत नव्हते. कासवाच्या भरवशावर त्यांनी एका गरिबाला तुरुंगात धाडलं होतं. आरतीपुढे त्या दिवशी त्यांनी हात जोडले, तेव्हा ती नुसती रडली होती, पहिल्यांदा.

मी गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. माझं काही काम नव्हतं. पण आरतीची केस मी मनातल्या मनात हरून मोकळा झालो होतो, त्याची लाज होती.

सकाळची वेळ. विहिरीवर बरीच माणसं जमली होती आणि सगळी काठापासून दहा हात लांब उभी होती. गोपाल आला. तुरुंगातून आल्यापासून तो गावात फारसा दिसत नसे. त्यानं बादली सोडली, ओढली, काठावर ठेवली.

मी वर सांगितलंच आहे की त्या सोमवारी तो ड्रममधलं पाणी प्याला नव्हता, आणि तेच त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठं ठरलं होतं. कारण अगदी साधं होतं. हाताला औषध असलं की तो दुसऱ्याच्या तांब्याला हात लावत नसे. घरून आणलेली बाटली वरून तोंडात धरायचा. ड्रमपाशी गेला होता तो बायांना सांगायला, की मी फवारून राहिलो, वाऱ्याच्या बाजूला बसू नका. कोणी विचारलंच नाही.

“त्या दिवशी मी प्यालो नोतो,” गोपाल म्हणाला. कोणाला उद्देशून नाही, नुसताच.

त्यानं बादली दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. तो पीत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. बादली खाली ठेवून तो काठावरच बसला, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला, म्हणजे काही होतं का ते सगळ्यांना पाहता यावं. आरती येऊन त्याच्या शेजारी बसली. तिनं ओंजळ पुढे केली. त्यानं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं.

पुंजारामजींनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही खिशात रुमाल शोधला आणि देवमन माझ्याकडे बघत नव्हता याचं बरं वाटलं.

मग घोळक्यातून पार्बताबाई निघाली. घरातसुद्धा अजून ती भिंतीला धरून चालत होती. तिनं आपला रिकामा गुंड गोपालपुढे ठेवला.

“भर,” ती म्हणाली.

गोपालनं बादली पुन्हा विहिरीत सोडली. तोवर मागे गुंडांची रांग लागली होती.